1961 च्या आधीचा पुरावा

बारावीनंतर नर्सिंगला प्रवेश घ्यायचा तर जातीचा दाखला लागणार होता. आम्ही कैकाडी. महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या 'अ' गटाला 3 टक्के आरक्षण आहे, त्यात आम्ही येतो. माझी मावशी अकोल्याला दिलेली. तिची मुलं मात्र अनुसूचित जातीत, कारण विदर्भात कैकाडी त्या यादीत आहेत. बोली एक, देव एक, सोयरीक एक, आणि सवलत जिल्हा बघून.

सेतू केंद्रात पहिलाच प्रश्न आला, "1961 च्या आधीचा काही पुरावा आहे का?" विमुक्त जातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 ही तारीख धरतात. त्याआधीपासून घराणं महाराष्ट्रात राहत होतं, हे आपण सिद्ध करायचं. माझे आजोबा तेव्हा बार्शी-पंढरपूर पट्ट्यात तुराट्यांच्या कणग्या आणि टोपल्या विणत गावोगाव फिरत होते. काम संपलं की पाल उचलायचं आणि पुढचं गाव गाठायचं. जमीन नाही, म्हणून सातबारा नाही. घर नाही, म्हणून घरपट्टीची पावती नाही. वडील शाळेची पायरी चढलेच नाहीत. फिरत्या माणसाकडे एका जागी बसलेल्या माणसाचे कागद कुठून येणार?

ग्रामपंचायतीत रहिवासी दाखला मागितला तर उत्तर मिळालं, "तुम्ही गावचे नाही, गायरानातले." माझा जन्म त्याच गायरानातला. गावात चोरी झाली की पहिली गाडी आमच्याच वस्तीवर येते, तेव्हा मात्र आम्ही कुठे राहतो हे कुणाला विचारावं लागत नाही. वडिलांना एकदा असंच नेलं आणि रात्रभर बसवून ठेवलं. चोर दुसराच निघाला. माफी कुणी मागितली नाही. ते आठवलं की आजही माझ्या अंगाची आग होते.

वाट सापडली ती आजीमुळे. आजोबांचे चुलत भाऊ सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये वाढले, हे तिला माहीत होतं. इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि अख्ख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. पुढे अशा कुटुंबांना तारेच्या कुंपणात, म्हणजेच सेटलमेंटमध्ये, ठेवून रोज हजेरी घेत. तो कायदा रद्द झाला 31 ऑगस्ट 1952 ला, आणि त्यातून सुटलेल्या आम्ही 'विमुक्त' ठरलो. कुंपणातल्या मुलांसाठी शाळा होती, आणि तिथल्या जुन्या रजिस्टरात चुलत आजोबांचं नाव निघालं. वर्ष 1949. आडनावाच्या जागी नुसतं 'कैकाडी'. ज्या कुंपणाने आमच्या माणसांची माणुसकी हिरावली, त्याच कुंपणातला कागद माझ्या शिक्षणासाठी लागावा, याचा मला राग आला. तरी त्या नोंदीचा प्रवेश-निर्गम उतारा मी काढून घेतला.

आता तो माणूस आमचाच, हे दाखवायचं होतं. आम्ही आडनाव जाधव लावतो, रजिस्टरात ते नाही. वंशावळीचं प्रतिज्ञापत्र केलं आणि गृहचौकशीचा अर्ज दिला. कागद अपुरे असतील तर अधिकाऱ्याने वस्तीवर येऊन चौकशी करावी, असं आपण लेखी मागू शकतो. ही गोष्ट काउंटरवर मला कुणीही सांगितली नव्हती. मंडळ अधिकारी आले. बोली, कुलदैवत, लग्नाच्या रीती विचारल्या, पंचनामा केला. गावातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने आपणहून जबाब दिला, "ह्यांच्या आज्यानं विणलेली कणगी अजून माझ्या माळवदावर हाय. मी पोरगा हुतो तवापासून ही माणसं इथं येत्यात." पंचायतीने नाकारलं ते त्या एका माणसाने सही करून सांगितलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

प्रांत कार्यालयातून दाखला मिळाला. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन क्रिमीलेयर त्यामानाने लवकर झालं. दाखला खरा आहे का हे तपासणाऱ्या जात पडताळणी समितीकडे पुन्हा तीच कागदपत्रं, तेच प्रश्न; पण या वेळी प्रत्येक कागदाची पोच माझ्याकडे होती. वैधता प्रमाणपत्र हातात आलं आणि प्रवेश टिकला.

वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात एकाला वैधता मिळाली की बाकीच्यांचं काम सोपं होतं. माझ्या प्रमाणपत्रावर धाकट्या भावाचा अर्ज गेला आहे, चुलत बहिणीचाही. वस्तीतल्या दोन घरांकडे मात्र असा कुणी नातेवाईक नाही आणि सेटलमेंटची नोंदही नाही. त्यांच्या गृहचौकशीचे अर्ज आम्ही मिळून लिहून दिलेत. अधिकारी अजून वस्तीवर आलेले नाहीत.