तुम्ही विचारलंत म्हणून: साडेनऊ लाखांचा माणूस पहिल्या लाइनवर

टोरोंटोच्या आसपास राहणाऱ्या मराठी माणसाला आइस हॉकीचं वेड लागलं की त्याला हा प्रश्न हमखास येतो. मला तो गणपतीत प्रसादाच्या रांगेत विचारला गेलाय, ऑफिसात विचारला गेलाय, आणि भारतातून मुलाकडे आलेल्या एका काकांनी तर पहिलाच सामना बघताना विचारला होता. "अहो, हे दोघं कोटीच्या वर डॉलर घेतात ना? मग त्यांच्या शेजारी हा साडेनऊ लाखांचा कुठून आणून उभा केलाय?"

काका म्हणत होते तो मायकल बंटिंग. मोसम 2021-22 चा, संघ आमचा टोरोंटोचा मेपल लीफ्स. एका बाजूला 1 कोटी 16 लाखांचा ऑस्टन मॅथ्यूज, दुसऱ्या बाजूला 1 कोटी 9 लाखांचा मिच मार्नर, आणि तिसरा हा स्कारबरोचा मुलगा, वर्षाला साडेनऊ लाखांवर आलेला. त्याआधी बहुतेक सगळा वेळ खालच्या लीगमध्ये काढलेला, एनएचएलचे, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगचे, जेमतेम 26 सामने खेळलेला.

पैशाचं कारण आधी सांगून टाकतो, कारण ते सोपं आहे. 2005 पासून एनएचएलमध्ये प्रत्येक संघाच्या पगारावर वरची मर्यादा आहे, सॅलरी कॅप. त्या मोसमात ती 8 कोटी 15 लाख होती, आणि लीफ्सचे चारच खेळाडू त्यातले निम्मे घेत होते. उरलेल्या निम्म्यात बचाव, गोलरक्षक आणि बाकीचे सगळे फॉरवर्ड, म्हणजे आक्रमण करणारे, बसवायचे. तेव्हा कुठेतरी स्वस्त माणूस घ्यावाच लागणार.

लाइन म्हणजे एकत्र बर्फावर उतरणारे तीन फॉरवर्ड; अशा चार लाइन आळीपाळीने खेळतात. पण स्वस्त माणूस चौथ्या लाइनवरही ठेवता येतो. त्याला थेट पहिल्या लाइनवर का? इथे माझं मत ठाम आहे. पहिली लाइन म्हणजे पंगतीतलं मानाचं पान नव्हे. ती तिघांची कामाची वाटणी आहे, आणि त्या तिन्ही कामांना सारखाच पगार पडतो असं नाही.

मॅथ्यूजसारखा नेमबाज असला की त्याला पक, म्हणजे ती रबराची चकती, हवा असतो मोकळ्या जागेत, स्टिकच्या पात्यावर, योग्य क्षणी. तो पक त्याआधी कुठे असतो? बहुतेक वेळा कोपऱ्यात, रिंकच्या कडेच्या भिंतीला, बोर्डला, चिकटलेला, आणि त्यावर समोरच्या संघाचा शंभर किलोचा बचावपटू वाकलेला. तिथे जाऊन, पाठीवर दोन-तीन दणके खाऊन, पक पायाने का होईना मोकळा करायचा, आणि लगेच गोलसमोर जाऊन गोलरक्षकाच्या डोळ्यांपुढे उभं राहायचं. पंचेचाळीस सेकंदांच्या शिफ्टमध्ये, म्हणजे बर्फावरच्या एका खेपेत, हे दोनदा करायचं. हे काम मॅथ्यूजने करावं असं मला मुळीच वाटत नाही, त्याच्या मनगटांची मला काळजी आहे. बंटिंग ते जीव ओतून करायचा. त्या मोसमात मॅथ्यूजने 60 गोल केले, लीफ्सच्या इतिहासात पहिल्यांदाच. बंटिंगचे स्वतःचे 23 गोल आणि 40 असिस्ट, म्हणजे दुसऱ्याच्या गोलला लावलेला हातभार.

मला हे कळलं ते मात्र माझ्या मुलीच्या रिंकवर. सकाळी सहाचा सराव, हातात कॉफी, काचेला नाक लावून उभा. तिच्या लाइनवर एक मुलगी होती, स्केटिंग म्हणजे पाणी वाहावं तसं. माझी लेक तिच्या निम्म्याही वेगाची नाही. तरी कोच दोघींना एकत्रच पाठवायच्या. मला वाटायचं, आमचं मन राखतायत. मग एकदा घरी आल्यावर तिची स्टिक पुसत होतो. पात्याच्या टोकाला, टेपवर, पिवळ्या रंगाचे ओरखडे. बोर्डच्या तळाशी जी पिवळी पट्टी असते ना, तिचा रंग. त्या दुसऱ्या मुलीची स्टिक मी पुढच्या सरावाला मुद्दाम बघितली, तिच्या टेपवर पिवळ्याचा मागमूस नव्हता. कोच का एकत्र पाठवतात ते त्या दिवशी उमगलं.

आता तुमचा पुढचा प्रश्नही मला पाठ आहे. "मॅथ्यूजच्या शेजारी कुणीही गोल करील की!" नाही हो, कुणीही नाही. त्याआधीच्याच मोसमात तिथे ज्यो थॉर्नटन नावाचा खेळाडू होता, सात लाखांवर. 41 वर्षांचा, पास देण्यात या खेळातला एक थोर माणूस, माझा अतिशय लाडका. पण कोपऱ्यात पहिलं पोचायला पाय लागतात, आणि ते वय कुणाच्याच पायांना सोडत नाही. मोसम संपेपर्यंत तो खालच्या लाइनवर गेला होता. साथीदार स्वस्त असून भागत नाही. साथ करणाऱ्याला गाणाऱ्याची चाल पेलावी लागते आणि त्याला जागाही सोडता यावी लागते. बंटिंगच्या आधी पिट्सबर्गमध्ये सिडनी क्रॉस्बी या मोठ्या खेळाडूबरोबर हेच घडलं. क्रिस कुनिट्झला ड्राफ्टमध्ये, म्हणजे तरुण खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, कुणी घेतलं नव्हतं. पास्काल द्युपुईलाही नाही, तो तर मारियान होसाच्या देवाणघेवाणीत सोबत आलेला. दोघं वर्षानुवर्षं क्रॉस्बीच्या दोन बाजूंना खेळले, आणि कुनिट्झच्या नावावर आज चार स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलची विजेतेपदं, आहेत.

चूक होते ती नंतर. आकडे चांगले दिसू लागले की क्लब हुरळतो. एडमंटनने झॅक कॅसियनला आपला सगळ्यात मोठा खेळाडू कॉनर मॅकडेव्हिड याच्या शेजारी खेळवलं, ते बरोबरच होतं. पण 2020 च्या जानेवारीत त्या जोरावर त्याला चार वर्षांचा, वर्षाला 32 लाखांचा करार दिला. दोनच वर्षांनी तो पगार डोक्यावरून उतरवायला ड्राफ्टमधले हक्क पदरचे द्यावे लागले. कॅसियनचा यात काही दोष नाही, त्याने त्याचं काम केलं. त्या जागेची किंमत त्याच्या नावावर लिहिली गेली, एवढंच. म्हणून 2023 मध्ये बंटिंग 45 लाखांवर कॅरोलायनाला गेला तेव्हा मला फार वाईट वाटलं, पण लीफ्सनी त्याला जाऊ दिलं ते मला पटलं.

याची उलट बाजू मला जास्त छळते. स्वस्त माणूस खरोखरच मोठा निघतो, आणि आपल्याला ते दिसत नाही. जोनाथन मार्शेसोने फ्लोरिडासाठी साडेसात लाखांत 30 गोल केले, तरी 2017 मध्ये क्लबने त्याला राखलं नाही. नव्याने आलेल्या वेगास संघाने उचललं. 2023 च्या स्टॅनली कपमध्ये सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस त्याचं. आणि कार्टर व्हर्हेगी तर मुळात लीफ्सनेच 2013 च्या ड्राफ्टमध्ये घेतलेला. इथे एकही सामना न खेळता गेला. पुढे टॅम्पाने कप जिंकून त्याला सोडलं, फ्लोरिडाने वर्षाला दहा लाखांवर घेऊन अलेक्झांडर बार्कोव्हच्या शेजारी उभं केलं. 2022-23 मध्ये 42 गोल. 2024 च्या फायनलच्या सातव्या सामन्यात पहिला गोल त्याचा. तो बघताना मी आमच्या हॉलमध्ये एकटाच जागा होतो, आणि खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं.

तर काका, अशा स्वस्त माणसाला पहिल्या लाइनवर ठेवावं का? ठेवावं. फक्त करार एका-दोन वर्षांचा ठेवा, पॉवर प्लेवरचे, म्हणजे समोरचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाचे, गोल बाजूला काढून पाच-पाच खेळाडूंच्या खेळात काय होतंय ते बघा, आणि कोपऱ्यातून पक येणं थांबलं की त्याच आठवड्यात बदला.

पुढच्या सामन्याला घरी या. पहिला पिरियड पकच्या मागे जाऊ नका, तो कुठे आहे ते मी सांगत राहीन. तुम्ही फक्त पहिल्या लाइनच्या त्या तिसऱ्या माणसाकडे बघा, शिफ्ट सुरू झाल्यापासून तो बेंचवर परत बसेपर्यंत.