श्रूजबरीच्या फोटोचं साल कसं काढायचं

श्रूजबेरी म्हटलं की पुणेकरांच्या डोळ्यांपुढे कयानी बेकरीबाहेरची रांग येते. ज्या गावावरून बिस्किटाला ते नाव पडलं, ते श्रूजबरी म्हणजे इंग्लंडमधल्या श्रॉपशर काउंटीचं मुख्य गाव, सेव्हर्न नदीच्या वळणात वसलेलं. तिथल्या कासल स्ट्रीटवर एका दुकानाच्या भिंतीवर पाटी आहे: पॅलिन नावाच्या हलवायाने 1760 साली याच जागेवर श्रूजबरी केक केले. अशा गावांतल्या बाजाररस्त्यांची जुनी पोस्टकार्डं इथे जुन्या वस्तूंच्या दुकानांत ढिगाने मिळतात. फोटो सुंदर, पण साल बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं. ते शोधावं लागतं.

आधी कार्ड उलटं करा. इंग्लंडमध्ये मागची बाजू उभ्या रेघेने दुभागून एकीकडे पत्ता आणि दुसरीकडे मजकूर लिहायची मुभा 1902 मध्ये मिळाली. त्याआधी मागे फक्त पत्ता असायचा आणि मजकूर चित्राच्या कडेला दाटीवाटीने लिहिलेला असायचा. पोस्टाचा दर जून 1918 पर्यंत अर्धा पेनी होता, मग एक पेनी झाला. मात्र शिक्क्यावरचं साल म्हणजे कार्ड टाकल्याचं साल, फोटो काढल्याचं नव्हे. एकाच काचेच्या निगेटिव्हवरून छापलेली कार्डं दुकानदार दहा-दहा वर्षं विकत. म्हणून शिक्का फक्त 'यानंतरचा फोटो नाही' एवढंच सांगतो. लोक हमखास चुकतात ते इथेच.

मग भिंग घ्या, दहापटीचं पुरे. ठिपक्यांची जाळी दिसली तर ते छापखान्यातलं काम. कितीही मोठं केलं तरी पाटीवरचं अक्षर उमटणार नाही, 600 डीपीआयवर (म्हणजे इंचाला 600 ठिपके) स्कॅन करून थांबा. ठिपके नसतील तर तो खरा फोटोकागद. तो 1200 डीपीआयवर, टिफ फाइलमध्ये स्कॅन करा. साडेपाच बाय साडेतीन इंचाच्या कार्डाचे 6600 बाय 4200 पिक्सेल होतात आणि नुसत्या डोळ्यांना न दिसणारी दुकानांची नावं वाचता येतात. स्कॅनरचं आपोआप 'शार्प' करणं बंद ठेवा, नाहीतर पुसट अक्षरांना खोट्या कडा येतात. रंगीत कार्डांवरच्या रंगांवर मात्र विसंबू नका. पहिल्या महायुद्धाआधी अशी बरीच कार्डं जर्मनीत छापली जात, आणि रंग भरणाऱ्याने ते गाव पाहिलेलंही नसे.

आता रस्त्याकडे. श्रूजबरीच्या मुख्य चौकात, 1596 च्या जुन्या मार्केट हॉलपुढे, रॉबर्ट क्लाइव्हचा पुतळा आहे. 1756 मध्ये तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग घेणाऱ्या मोहिमेतला हाच तो क्लाइव्ह. पुढे तो या गावचा महापौर झाला आणि पार्लमेंटमधला प्रतिनिधीही. पुतळा 1860 चा. चौक दिसतोय आणि पुतळा नाही, म्हणजे फोटो फारच जुना. ग्रंथालयापुढे डार्विनचा बसलेला पुतळा दिसला तर फोटो 1897 नंतरचा. सेंट मेरी चर्चच्या मनोऱ्याचा शेंडा फेब्रुवारी 1894 च्या वादळात कोसळला, तेव्हा शेंडा नसलेला मनोरा हाती लागला तर नशीबच. (गावात डार्विनचं स्मारक उभारायचं घाटत होतं म्हणून देव कोपला, असं तिथल्या पाद्र्यांचं म्हणणं.) 1869 चा विटांचा नवा मार्केट हॉल 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला पाडला आणि त्या जागी आजचा 1965 मध्ये उभा राहिला. दोघांनाही घड्याळाचा उंच मनोरा, त्यामुळे घोटाळा होतो. सडपातळ आणि बिननक्षीचा तो नवा.

बाकी खुणा कुठल्याही गावाला लागू पडतात. मोटारींना नंबरपाटी 1 जानेवारी 1904 पासून. एडब्ल्यू ही अक्षरं श्रॉपशरची. पादचाऱ्यांच्या क्रॉसिंगवरचे नारिंगी गोळ्यांचे बेलिशा दिवे 1934 पासून, झेब्रा क्रॉसिंग 1951 पासून. छपरावर टीव्हीचा एच आकाराचा अँटेना असेल तर या भागात तो 1949 च्या डिसेंबरनंतरचाच, कारण सटन कोल्डफील्डच्या टीव्ही केंद्राचं प्रक्षेपण तेव्हा सुरू झालं. काचेवरच्या भावाच्या चिठ्ठीत शिलिंग असतील तर साधारण फेब्रुवारी 1971 च्या आधीचा.

वर्ष आणखी आवळायचं तर दुकानांच्या पाट्या. केलीज डिरेक्टरी या दुकानं-धंद्यांच्या छापील यादीत रस्त्याची एकेक बाजू घेऊन, नंबरवार, कोणाचं कसलं दुकान ते छापलेलं असतं. मधली गल्ली कुठे फुटते तेही. लेस्टर विद्यापीठाने अशा पुष्कळ डिरेक्टऱ्या इंटरनेटवर फुकट ठेवल्या आहेत. एका दुकानावर कधीच भरवसा ठेवू नका. बाप वारला तरी पाटीवर त्याचंच नाव वर्षानुवर्षं राहतं, आपल्याकडच्या 'आणि सन्स'सारखंच. शेजारशेजारची तीन दुकानं घ्या. समजा, बूटवाला 1909 च्या आवृत्तीत नाही, 1913 च्या आहे. शेजारचा औषधवाला 1913 मध्ये आहे, 1917 मध्ये नाही. म्हणजे फोटो 1909 ते 1917 मधला, आणि तिसरं दुकान ही फट अजून लहान करतं. माहिती छपाईच्या काही महिने आधी गोळा केलेली असते, म्हणून दोन्ही टोकांना वर्षभराची सूट द्या. घरनंबर मध्येच बदललेले असू शकतात. ते मोठ्या प्रमाणाच्या जुन्या नकाशांशी ताडून बघा. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर इंग्लंडचेही मिळतात.

महिना हवा असेल तर सावली बघा. श्रूजबरीत डिसेंबरच्या भर दुपारी सूर्य जेमतेम 14 अंश वर येतो आणि माणसाची सावली त्याच्या चौपट लांब पडते. जूनमध्ये दुपारची सावली उंचीच्या निम्मीच. चर्चचं घड्याळ दिसत असेल तर वेळही कळते, पण 1916 पासून उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात, ते वजा करा. ऊन असूनही सगळी दुकानं बंद आणि रस्ता ओस असेल तर लगेच रविवार ठरवू नका. 1911 च्या कायद्यानंतर दुकानांना आठवड्यातून अर्धा दिवस सुटी सक्तीची झाली. ती कोणत्या वारी, हे गावागणिक वेगळं, आणि डिरेक्टरीत गावाच्या माहितीत ते बहुधा सापडतं.

शेवटी निघालेलं साल कार्डाच्या मागे मऊ पेन्सिलीने लिहा, 2बी असेल तर उत्तम. बॉलपेन पुढच्या बाजूला उमटतो. आणि एकच आकडा नको, दोन्ही टोकं लिहा: '1909–1914, दुकानांवरून'.