चिखलदऱ्याच्या कड्यावर दोर लावताना

परतवाडा सोडून धामणगाव गढीच्या रस्त्यानं घाट चढू लागलो की सपाट वऱ्हाड मागं राहतं आणि सातपुड्याच्या काळ्या खडकाचे थर उघडे दिसू लागतात. चिखलदरा 1,100 मीटरच्या आसपास. आम्ही डिसेंबरात गेलो, आणि चढाईसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ धरावा. पावसाळा संपल्या संपल्या इथं येऊ नये. कड्यातल्या टप्प्यांवर गवत माजलेलं असतं, वरून घट्ट वाटतं, खाली ओली माती असते. पाय ठेवला की अख्खा गड्डाच निसटतो.

गाविलगड बघायलाच हवा. 15 डिसेंबर 1803 रोजी इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेनं हा किल्ला घेतला, तेव्हा आतल्या किल्ल्याच्या तटाला शिड्या लावून एक तुकडी वर गेली होती. आपण मात्र तिथं दोर काढायचा नाही. संरक्षित स्मारकात मेख ठोकणं 1958 च्या प्राचीन स्मारक कायद्यानुसार गुन्हा आहे. भोवतालचं जंगल मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचं, म्हणून कुठल्या कड्यावर चढायचं ते आधी वनखात्याला लेखी विचारावं. आम्ही वस्तीजवळचा, साधारण 25 मीटर उंचीचा कडा निवडला.

काठावर गुरं राखणारे एक काका दोर बघून थांबले. ‘‘त्या डाव्या कपारीत आग्या मोहोय हाये भाऊ, तिकडून नोका उतरू.’’ खालून ते पोळं सावलीत लपलं होतं, मुळीच दिसत नव्हतं. दोर बराच उजवीकडे नेला. कुठल्याही कड्यावर जाण्याआधी तिथल्या गुराख्याला विचारणं हा तयारीचाच भाग समजा. कपारीखाली पांढऱ्या विष्ठेचे ओघळ दिसले, तर तिथं शिकारी पक्ष्यांची किंवा गिधाडांची बसायची जागा असते. थंडीत घरटं असण्याचीही शक्यता असते. तो कडा त्या मोसमात सोडून द्यावा.

मधमाश्या उठल्या तर दोरावर लटकलेल्या माणसाला स्वतःहून वेगानं उतरता येत नाही. म्हणून रॅपलिंगचा, म्हणजे कड्यावरून उतरायचा, दोर वर पक्का न बांधता मुंटर गाठीवर (कडीभोवतीचा, दोर हळूहळू सोडता येईल असा वेढा) घेऊन, सोडता येईल अशा गाठीनं कुलूप करावा. वेळ आली की वरचा माणूस कुलूप सोडून त्याला थेट जमिनीवर सोडू शकतो. त्यासाठी वर कड्याच्या उंचीइतका दोर शिल्लक हवा. 25 मीटरच्या कड्याला 60 मीटरचा दोर घ्यावा तो याचसाठी. खालच्या टोकाला गाठ मारायला विसरू नये. टोक उतरायच्या उपकरणातून सुटून माणूस पडण्याचे अपघात जगभर होतात आणि ती एक गाठ ते टाळते.

इथला खडक बेसाल्ट, लाव्ह्याच्या एकावर एक थरांचा. थराचा खालचा भाग घट्ट, वरचा फोडाफोडांचा. दोन थरांच्या मध्ये कुठं कुठं लाल मातकट पट्टा असतो, तो नखानंही कोरला जातो. त्यावर भार द्यायचा नाही. प्रत्येक पकड आधी मुठीनं ठोकून बघावी: टणक आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर सोडावी. शंका असलेली पकड खाली दाबून वापरावी, बाहेर ओढू नये. खांबांसारख्या उभ्या भेगा पाहून फ्रेंड (भेगेत फुलून अडकणारं स्प्रिंगचं उपकरण) लावायचा मोह होतो. पण ओढ जितकी, त्याच्या साधारण दुप्पट जोर फ्रेंड दोन्ही भिंतींवर टाकतो, आणि सुटलेला खांब तेवढ्यानं बाहेर ढकलला जातो. पिंपळाची मुळं शिरलेली भेग तर टाळावीच.

वर अँकरसाठी, म्हणजे दोर अडकवायच्या आधारासाठी, जिवंत, मांडीहून जाड झाड बघावं. बुंधा जोरानं हलवून मुळाची माती फाटते का ते पाहावं. सालीला गोणपाट, त्यावर रुंद पट्टी. एका झाडावर सगळं सोपवायचं नाही, दुसरं झाड किंवा घट्ट भेग जोडायची. दोन पट्ट्यांमधला कोन 60 अंशांच्या आत ठेवला तर प्रत्येकीवर भाराचा फार तर साधारण 58 टक्के वाटा येतो. 120 अंशांवर प्रत्येकीवर पूर्ण भार येतो. काठाच्या धारेवरही गोणपाट हवंच, बेसाल्टची कड दोराचं आवरण फार लवकर कापते.

बोल्ट मारायची गरज इथं आम्हाला वाटली नाही. वरून दोर लावून सराव होतो, मग खडकाला भोकं कशाला? चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची मुलं मे 2018 मध्ये एव्हरेस्टवर पोचली. तेव्हापासून गावातली पोरंही या दोराकडं नुसती बघत राहत नाहीत, गाठी विचारतात. त्यांना आठ आकडी गाठ आणि बिले (चढणाऱ्याचा दोर सांभाळणं) शिकवताना हेल्मेट, हार्नेस आपल्या मापाचं नाही, त्यांच्या मापाचं न्यावं. ढिला हार्नेस उलटं होताना कमरेवरून निसटतो.

पाणी माणशी चार लिटर खालूनच न्यावं. 15 फेब्रुवारी ते 15 जून जंगलात वणव्याचा काळ, त्यात काडीही पेटवू नये. निघताना हाताला लावलेल्या खडूचे पांढरे डाग ब्रशनं झाडावेत, पट्ट्या सोडून घ्याव्यात. कुणी आधी बांधून ठेवलेल्या, उन्हानं फिकट झालेल्या पट्ट्या झाडावर सापडल्या तर त्यावर विसंबू नये. कापून पिशवीत भराव्यात, कारण सालीत रुतलेली पट्टी बुंधा आवळते आणि पुढचा माणूस तिच्यावरच भरवसा ठेवतो.