ना होकार, ना नकार: डिफर झालेल्या अर्जाविषयी

अमेरिकेत बारावीत शिकणारे मूल ज्या घरात आहे, त्या घरात डिसेंबरचा मध्य हा निकालाचा काळ असतो. साधारण १ नोव्हेंबरच्या मुदतीत 'अर्ली डिसिजन' या लवकरच्या, बंधनकारक फेरीखाली केलेल्या अर्जांचे निकाल बरीच नामांकित महाविद्यालये याच सुमारास, ठरवून दिलेल्या वेळी, आपल्या पोर्टलवर लावतात. होकार आला तर ओळखीच्यांत पेढे वाटले जातात आणि नकार आला तर दोन-चार दिवस वाईट जातात. परंतु गेल्या हिवाळ्यात आमच्या मुलीच्या वाट्याला तिसराच प्रकार आला. तिचा अर्ज डिफर झाला. तुमचा अर्ज आम्ही नाकारलेला नाही, तो सर्वसाधारण फेरीतील अर्जांबरोबर पुन्हा वाचला जाईल आणि मार्चअखेर अंतिम निर्णय कळवला जाईल, एवढाच त्या पत्राचा आशय होता.

महाराष्ट्रात शिकून इकडे आलेल्या आमच्यासारख्या पालकांना ही स्थिती पचायला जड जाते, कारण आमचे स्वतःचे प्रवेश गुणवत्तायादीवर झालेले असतात. बारावीचे गुण, सीईटीचे गुण, कटऑफ आणि पहिली-दुसरी-तिसरी फेरी असा सगळा हिशेब भिंतीवर लावलेला असे. आपण कुठे आहोत हे वाईट असले तरी दिसत असे. मी सांगलीला आईला फोनवर हे सगळे समजावून सांगितले, तेव्हा तिने विचारले, "अगं, पण वेटिंगला कितवा नंबर आहे?" प्रश्न अगदी रास्त होता आणि त्याला उत्तर नव्हते. डिफर झालेल्या विद्यार्थ्यांना क्रमांक दिला जात नाही. प्रतीक्षायादी हा इथेही वेगळा प्रकार आहे. ती मार्चअखेरच्या अंतिम निर्णयात निघते आणि तिच्यातून कुणाला घ्यायचे ते बहुधा १ मेनंतर, जागा किती भरल्या हे पाहून ठरते. डिफर झालेल्या अर्जाचा निर्णय मुळात व्हायचाच असतो.

डिफर होण्याचा अर्थ प्रत्येक ठिकाणी सारखा नसतो, हेही ध्यानात घ्यायला हवे. स्टॅनफर्ड लवकरच्या फेरीत शक्यतो शेवटचाच निर्णय देते आणि थोड्यांनाच पुढे ढकलते. एमआयटीत पुढे ढकलल्या जाणाऱ्यांची संख्या मोठी असते. जॉर्जटाऊनने तर वर्षानुवर्षे अशी पद्धत ठेवली की लवकरच्या फेरीत प्रवेश न मिळालेल्यांना नकार न कळवता वसंतातल्या फेरीत पाठवायचे. त्यामुळे 'डिफर झाले म्हणजे थोडक्यात हुकले' किंवा 'डिफर म्हणजे सभ्य शब्दांतला नकार' ही दोन्ही विधाने, जी इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात हमखास ऐकू येतात, त्या महाविद्यालयाची रीत पाहिल्याशिवाय करू नयेत. ती पाहूनही आपल्या मुलाचा अर्ज नेमका कशामुळे मागे राहिला हे कळत नाही, आणि तो शोध जितक्या लवकर सोडावा तितके घरातले वातावरण बरे राहते, असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्याकडे निकालाच्या दुसऱ्याच दिवशी अर्जासोबतच्या निबंधाच्या प्रती पुन्हा टेबलावर आल्या होत्या. त्या मी कपाटात ठेवून दिल्या.

या सगळ्यात जी गोष्ट पालक सर्वांत कमी बोलतात, तीच मला सर्वांत महत्त्वाची वाटते. अर्ली डिसिजनचा अर्ज करताना विद्यार्थी, पालक आणि शाळेचा काउन्सेलर अशा तिघांच्या सह्यांचा एक करार होतो: प्रवेश मिळाला तर तिथेच जाईन आणि बाकीचे अर्ज मागे घेईन. अर्ज डिफर झाला की हे बंधन उरत नाही. पुढे मार्चमध्ये त्याच महाविद्यालयाने प्रवेश दिला तरी तो स्वीकारण्याची सक्ती नसते. म्हणजे महाविद्यालयाने आपला निर्णय लांबणीवर टाकला असला तरी विद्यार्थ्याला त्याच दिवसापासून मोकळीक मिळालेली असते, आणि त्या मोकळिकीचा उपयोग करायला फार थोडा अवधी असतो, कारण सर्वसाधारण फेरीच्या बहुतेक मुदती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात संपतात. नाताळची सुट्टी त्यातच येते आणि सुट्टीत शाळेचे काउन्सेलर भेटत नाहीत. म्हणून शिफारसपत्रे आणि गुणपत्रके पाठवण्याची विनंती सुट्टीपूर्वीच करून ठेवावी.

याच दिवसांत दुसरा एक मोह समोर येतो. शिकागो, व्हँडरबिल्ट, एमरी, टफ्ट्स अशा अनेक ठिकाणी अर्ली डिसिजनची दुसरी फेरी असते. तिची मुदत जानेवारीच्या आरंभी आणि निकाल फेब्रुवारीत लागतो. डिफर झालेला विद्यार्थी तिथे नियमाने अर्ज करू शकतो, मात्र तिथे प्रवेश मिळाला तर पहिल्या महाविद्यालयातला प्रलंबित अर्जही मागे घ्यावा लागतो. ज्याला ते दुसरे महाविद्यालय खरोखर हवे आहे त्याने जरूर करावा. केवळ डिसेंबरचा अपमान धुऊन काढण्यासाठी पुन्हा बंधनात पडणे मला पटत नाही, आणि सुदैवाने ते मुलीलाही पटले नाही.

राहिले पत्र. आपली इच्छा कायम आहे आणि अर्जानंतर काय नवे घडले, हे कळवणारे पत्र बहुतेक महाविद्यालये स्वीकारतात. एमआयटीसारख्या ठिकाणी त्यासाठी फेब्रुवारीत भरायचा स्वतंत्र फॉर्म असतो, तर काही ठिकाणी जादा काही पाठवू नये असे स्वच्छ लिहिलेले असते. ती सूचना शब्दशः पाळावी. मुलीच्या पहिल्या मसुद्यात निम्मा मजकूर त्या महाविद्यालयाच्या स्तुतीचा होता. तिने तो स्वतःच खोडला आणि उरलेल्या जागेत शाळेमागच्या ओढ्याबद्दल लिहिले. आमच्या न्यू जर्सीत बर्फ पडण्याआधी रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते वाहून ओढ्यात जाते. पर्यावरणशास्त्राच्या वर्गासाठी ती पाण्यातील क्लोराइड, म्हणजे मिठाचा एक घटक, मोजत होती. नोव्हेंबरच्या अर्जात फक्त मीठ टाकण्याआधीची मोजमापे होती. पहिल्या बर्फानंतरची मोजमापे हाती आली तेव्हा पुलाखालचे आकडे वाढलेले होते, पण प्रवाहाच्या वरच्या बाजूला, जिथे वाढ अपेक्षित नव्हती, तिथेही ते वाढलेले होते, आणि याचे कारण अजून सापडलेले नाही असे तिने पत्रात सरळ लिहिले. पत्र एका पानात संपले. त्यासोबत काउन्सेलरने सहामाहीचे गुण पाठवले, आणि ते डिफर झालेल्या अर्जात बारकाईने पाहिले जात असल्याने डिसेंबर-जानेवारीत अभ्यास ढिला पडू न देणे हे कोणत्याही पत्राहून अधिक उपयोगाचे असते. जादा शिफारसपत्रे गोळा करणे, अधिकाऱ्यांना वारंवार ईमेल करणे किंवा पालकांनी स्वतः फोन करणे यांतून काही निष्पन्न होत नाही. 'डिफर पॅकेज' या नावाखाली सल्ला विकणारे खासगी सल्लागार या काळात पुष्कळ भेटतात. त्यांच्याविषयी न बोललेले बरे.

नातेवाइकांसाठी आम्ही एक वाक्य ठरवून घेतले होते: "निकाल मार्चमध्ये आहे." ते खरेही होते आणि त्याने पुढचे प्रश्न थांबत. मुलीच्या वर्गातल्या दोघांना त्याच महाविद्यालयात प्रवेश मिळाला होता, त्यांचे अभिनंदन करायला तिला काही दिवस लागले आणि तिने ते केव्हा करावे याविषयी आम्ही काही बोललो नाही.

मार्चअखेर त्या महाविद्यालयाने नकार कळवला. तोवर इतर ठिकाणचे होकार आले होते आणि एप्रिलमध्ये आम्ही त्यांतील आर्थिक मदतीची पत्रे शेजारी शेजारी ठेवून पाहिली. अर्ली डिसिजनमध्ये ही तुलना करताच येत नाही. मिळालेली मदत अपुरी असेल तर करारातून बाहेर पडता येते, पण दुसरीकडे किती मिळाली असती हे कळायचा मार्ग नसतो. लवकरची फेरी सधन घरांच्याच सोयीची ठरते, असे म्हणत हार्वर्ड आणि प्रिन्स्टनने २००६ मध्ये ती बंद करण्याचे जाहीर केले होते, आणि २०११ मध्ये ती पुन्हा आणली. आमच्या दोन पत्रांतला फरक वर्षाच्या वसतिगृहाच्या खर्चाएवढा होता. मुलीने जिथे मदत अधिक होती तिथले होस्टेल आणि प्रयोगशाळा स्वतः जाऊन पाहिली, एका प्राध्यापिकेशी ओढ्यांतल्या मिठाविषयी बराच वेळ बोलली, आणि १ मेपूर्वी तिथेच पैसे भरले.