बावीस फ्रेम

मी एडिट करत असलेल्या सिनेमाची गोष्ट मूल गेलेल्या आणि त्यानंतर नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या बाईची. उत्तरार्धात तिच्या आयुष्यात दुसरा माणूस येतो. रफ कट, म्हणजे सिनेमाची पहिली कच्ची जोडणी, दाखवायला बोलावलेल्या बहुतेकांनी एकच तक्रार केली, "एवढ्या लवकर हसली?"

निर्माते म्हणाले, आधी तिला आणखी दोनदा रडवा. मला हा उपाय कधीच पटलेला नाही. पडद्यावरचं माणूस सगळं रडून घेतं आणि प्रेक्षकाच्या वाट्याला काहीच उरत नाही.

लांबी कमी करण्याच्या धोशात मीच काढलेला एक शॉट परत आणला. घटस्फोटाच्या कागदांवर सह्या करून ती घरी येते आणि ओट्याशी उभी राहते. चाळीस सेकंद, बाकी काही नाही. सिंक साउंडच्या, म्हणजे आवाज जागेवरच रेकॉर्ड करायच्या शूटिंगला फ्रिज बंद ठेवतात, नाहीतर त्याची घरघर संवादांत घुसते. त्यामुळे आमच्या हाती आलेलं स्वयंपाकघर मुकं होतं. साउंड डिझायनरने त्यात घरघर भरली आणि ती मान वर करते तिथे अचानक थांबवली. शूटिंगला नटीने मान का वर केली होती कोण जाणे. आता ती घरातली शांतता ऐकते.

राहिलं ते हसणं. तिन्ही ओके टेकमध्ये ती सुरेख हसते आणि हसतच राहते. पण शोकातून उठणाऱ्या माणसाला हसता हसता आपलंच हसू ऐकू येतं. ते कुठेच नव्हतं. रात्री एनजी, म्हणजे 'नो गुड' म्हणून बाद केलेले टेक काढून बसले. शूटिंगच्या लॉगमध्ये नुसतं 'एनजी' लिहून मोकळे होतात, टेक का बाद झाला ते लिहीत नाहीत. या आळसापायी किती क्षण कायमचे गाडले जातात, याचा मला फार राग येतो.

सहाव्या टेकला बूम, म्हणजे लांब दांडीवरचा माइक, फ्रेममध्ये उतरला होता. तिला खरंखुरं हसू फुटलं, मग टेक चालू असल्याचं लक्षात येऊन चेहरा खाडकन उतरला. चित्र जरा मोठं करून बूम बाहेर घालवला. उतरलेल्या चेहऱ्यावर चौदा फ्रेम थांबले तर काही पोहोचत नव्हतं, तीस थांबले तर अभिनय वाटत होता. बावीसवर थांबले. सेकंदाला चोवीस फ्रेम, म्हणजे पुरता सेकंदही नाही.

पुढच्या खेळाला त्या जागी कुणीतरी नाक ओढलं. 'लवकर हसली' असं कुणीही म्हणालं नाही.

सुमारे शंभर वर्षांपूर्वी रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्ह यांनी नटाचा एकच निर्विकार चेहरा कधी सूपच्या ताटलीला, कधी शवपेटीला जोडला आणि लोकांना त्यात भूक दिसली, दुःख दिसलं. आमच्या धंद्याचा हा पहिला धडा. तरी मन स्वस्थ नाही. आमच्या नटीने या भूमिकेसाठी जीव ओतला होता, आणि मी तिचे तीन टेक बाजूला सारून तिची चूक उचलली.

फायनल मिक्सला, म्हणजे सगळे आवाज शेवटचे जुळवताना, ती आली होती. तो क्षण गेल्यावर माझा हात दाबून म्हणाली, "हे मी कसं केलं, मलाच आठवत नाही गं."

मी काही बोलले नाही. टाइमलाइनवर त्या तुकड्याचं नाव अजून 'टेक ६, एनजी' असंच आहे.