कडीला तेल

रविवार, रात्री साडेनऊ

कडी वाजली. पहाटे तीन पंचवीसला. नोव्हेंबरपासून इतका मोठा आवाज एकदाही झाला नव्हता.

सेफ्टी डोअरची ती कडी दोन पावसाळ्यांत गंजून धरली होती. ती उघडायची माझ्या हाताला एक सवय झाली होती. डाव्या खांद्याने दार जरासं उचलायचं, कडी दोन बोटांत धरून वरखाली हलवत सैल करायची आणि शेवटी एक हिसका द्यायचा. त्या हिशेबात बसणारा आवाज म्हणजे एक बारीक कर्र. आजही तसाच हिसका दिला, तर कडी नुसती सटकली आणि थाडकन मागे आपटली. आतल्या खोलीतून आई खोकल्या. झोपेतला खोकला वेगळा असतो, हा जागेपणीचा होता.

जिना उतरताना बोटं बुळबुळीत लागली म्हणून वास घेतला. शिलाई मशीनचं तेल. त्या कुपीला आमच्याकडे हात लावणारं माणूस एकच आहे.

तेव्हापासून डोक्यात हेच आहे. हे तेल माझ्यासाठी घातलं, की माझ्या त्रासाला कंटाळून घातलं?

आज पन्नास किलोमीटर धावायचे होते. समर्थ मंदिरावरून यवतेश्वरचा घाट, पुढे पेट्री, कास तलाव आणि परत. पन्नासला थोडे कमी पडतात, ते पोवई नाक्यापर्यंत जाऊन भरून काढले. सहा तास त्रेचाळीस मिनिटं. ठरवल्याप्रमाणे झाले, कुठे गोळा आला नाही, पोट बिघडलं नाही. आल्यावर कोणी विचारलं नाही कसे गेले. दळण आणायचं राहिलंय एवढं कानावर आलं. पन्नास किलोमीटर धावून आलेल्या माणसाला दळण सांगू नये असं नाही, पण आधी एक ‘झालं का?’ चाललं असतं. डोळ्यांत पाणी आलं, ते घामाबरोबर पुसलं. लाँग रननंतर साखर उतरलेली असते तेव्हा रडू लवकर येतं, हे मला पक्कं माहीत आहे. आधी खाऊन घ्यायचं आणि मग रुसायचं असा माझा नियम आहे. आज तो पाळला नाही.

तीनला का उठायचं, हा हिशेब मी घरात कधी नीट मांडलाच नाही. तो आज इथे मांडते.

कॉम्रेड्सला, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या ज्या शर्यतीसाठी हे सगळं चाललंय तिला, बारा तास असतात. यंदा अप आहे, म्हणजे समुद्राकाठच्या डर्बनहून वर पीटरमारित्झबर्गला, सुमारे सत्त्याऐंशी किलोमीटर. 720 मिनिटांना 87 ने भागलं की किलोमीटरला आठ मिनिटं सोळा सेकंद येतात. त्यातच पाणी प्यायचं, चढ चालायचा, झुडपामागे जायचं. वेळ बंदुकीपासून मोजतात, आपण रेषा ओलांडल्यापासून नाही. मागच्या गटात उभं राहिलं तर सुरुवातीची काही मिनिटं तिथेच जातात. म्हणून मी आठचा पेस धरते, म्हणजे किलोमीटरला आठ मिनिटं. आठने अकरा तास छत्तीस मिनिटं होतात, हाताशी चोवीस मिनिटं राहतात. जानेवारीत मुंबई मॅरेथॉनला पात्रतेची वेळ काढायची होती, चार तास पन्नास मिनिटांच्या आत, म्हणजे किलोमीटरला सहा बावन्न. ती पेडर रोडच्या परतीच्या चढावर जवळजवळ हातची गेली होती, पण मिळाली.

आठने पन्नास म्हणजे सहा तास चाळीस मिनिटं. शर्यत जूनमध्ये, तिकडच्या थंडीत. तयारीचे सगळ्यात मोठे रविवार मात्र आपल्या मार्च, एप्रिल, मे मध्ये येतात. साताऱ्यात एप्रिलमध्ये साडेआठपर्यंत ठीक असतं. नऊ वाजले की कासच्या रस्त्यावर सावली उरत नाही आणि त्याच पेसला नाडी दहा-बारा ठोक्यांनी वर जाते. उन्हात चालण्याची सवय हवीच, त्यासाठी शेवटचा तास-दीड तास पुरतो. तीन तास ऊन खाल्लं तर पुढचे चार दिवस पाय उचलत नाहीत. म्हणजे पावणेचारला रस्त्यावर पाहिजे. आणि त्याआधी पोट साफ व्हायला मला अर्धा-पाऊण तास आणि अर्धा कप कोरा चहा लागतो. ते घाईत उरकलं तर बाराव्या किलोमीटरला घाटात त्याची किंमत मोजावी लागते. शिवाय घाटात एकटीने जायचं नाही, तिघीचौघींनी कपाळावर दिवे लावून निघायचं, म्हणजे कोणाला खाली ताटकळत ठेवायचं नाही.

त्यामुळे गजर दोन पन्नासचा. गजर मनगटावर, थरथरणारा. आधी फोन लोखंडी कपाटावर ठेवायचे, तर सगळं कपाट घुमायचं. ते पहिल्याच आठवड्यात बंद केलं. कपडे, मोजे, दिवा, बाटल्या रात्रीच बाहेरच्या खोलीत. ओट्यावर चहाचं पातेलं पाणी घालून ठेवलेलं, लायटर नको म्हणून काडेपेटी. फ्लश मोठा वाजतो म्हणून बादलीने पाणी. बूट बाहेर जिन्यावर घालायचे. एवढं सगळं केलं की मला वाटायचं, घर झोपलेलंच आहे.

आणि आई जाग्याच होत्या. किती रविवार? नोव्हेंबरपासून धरले तर वीसच्या वर. बॅक टू बॅक, म्हणजे लागोपाठ दोन दिवस लांब धावणं, सुरू झाल्यापासून शनिवारही. मार्चमध्ये तर लेकीची परीक्षा चालू असताना… ते राहू दे.

एक गोष्ट मला आजवर मोजावीशी वाटली नव्हती, याचं आता नवल वाटतं. बाकी सगळं मी मोजते. आज निघताना वजन 54.2 होतं, आल्यावर 52.9. वाटेत तीन लिटर प्याले, म्हणजे घाम साधारण सव्वाचार लिटर, तासाला साडेसहाशे मिलीच्या आसपास. वजन दोन टक्क्यांच्या थोडं वर उतरलं, ते चालतं. वाढलं असतं तर काळजी. नुसतं साधं पाणी ढोसलं की रक्तातलं मीठ पातळ होतं, बोटं सुजतात, डोकं जड होतं, आणि ते पाणी कमी पडण्याइतकंच, कधी त्याहून वाईट. म्हणून तीनपैकी दोन लिटर ओआरएस. एका पाकिटाला एक लिटरच पाणी, अर्ध्या लिटरमध्ये घट्ट करायचं नाही, मळमळतं. खाणं तासाला पंचेचाळीस ग्रॅम कर्बोदकांच्या हिशेबाने, एक केळं आणि एक मध्यम उकडलेला बटाटा मीठ लावून. चौथ्या तासानंतर केळं नको होतं, तेव्हा गुळाचा खडा. सुपारीएवढा, तोंडात विरघळू द्यायचा. पहिला घास पाऊण तासाच्या आत, भूक नसली तरी. भूक लागल्यावर खाल्लं तर उशीर झालेला असतो. आणि दुखलं म्हणून धावताना वेदनाशामक गोळी मुळीच नाही. घामाने आधीच ताणलेल्या मूत्रपिंडांवर तो आणखी भार.

हे बटाटे शनिवारी रात्री कुकरला कोण लावतं? मीच. पण सोललेले असतात कधीकधी. मी ते लक्षात घेतलं नव्हतं.

घाटाबद्दल लिहिते म्हणजे डोकं जरा थाऱ्यावर येईल. अप रनमध्ये पाच मोठे चढ आहेत, काउईज, फील्ड्‌स, बोथाज, इंचांगा आणि पॉली शॉर्ट्‌स. शेवटचा पॉली शॉर्ट्‌स, संपायला आठ-नऊ किलोमीटर उरलेले असताना. तो बहुतेक लोक चालतात, आणि चालण्यातही फरक असतो. म्हणून यवतेश्वरच्या चढावर मी धावण्याइतकंच चालण्याचं शिक्षण घेते. दोन विजेचे खांब धावायचं, एक चालायचं. चालताना पाऊल लहान, हात मागे जोरात, कमरेतून वाकायचं नाही. वाकलं की श्वास तुटतो. रमतगमत चाललं तर किलोमीटरला बारा मिनिटं लागतात, नेटाने चाललं तर साडेदहा. त्या दीड मिनिटावर मी महिनाभर काम करतेय.

उतरताना उलट दुखणं. मांडीचा पुढचा स्नायू ताणत ताणत ब्रेक लावतो, त्याचे तंतू तिथे फाटतात आणि दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. एकदा सोसलं की पुढचे काही आठवडे तेवढं दुखत नाही. म्हणून उतार चुकवायचा नाही, दर दोन-तीन आठवड्यांनी शरीराला त्याची आठवण द्यायची. टाच आपटत उतरायचं नाही, पावलं झटपट आणि आखूड. नखं तीन-चार दिवस आधी कापायची, बुटाची दोरी शेवटच्या भोकातून ओवून घोटा बांधून घ्यायचा, नाहीतर बोटं पुढे आपटून नख काळं पडतं. आज पट्ट्याखाली व्हॅसलिन लावायचं विसरले, तिथे रुपयाएवढी कातडी सोलवटली आहे. आंघोळीचं पाणी पडल्यावर कळलं.

कॉम्रेड्सबद्दलची एक गोष्ट आज सारखी आठवतेय. बारा तास भरले की शेवटची बंदूक उडते. ती उडवणारा माणूस येणाऱ्यांकडे पाठ करून उभा असतो. समोर कोण आहे, किती पावलांवर आहे, हे त्याला दिसू नये म्हणून. आईही भिंतीकडे तोंड करून झोपतात. मी दाराशी चाचपडत असते तेव्हा त्यांची पाठ दिसते, आणि पाठीवरून झोप कळत नाही.

1921 साली पहिल्यांदा ही शर्यत झाली तेव्हा चौतीस जण निघाले होते, सोळा पोचले. बायकांना अधिकृत प्रवेश 1975 ला. त्या बायकाही पहाटे कुठल्या तरी घरातून, कुठली तरी कडी काढून बाहेर पडत असतील.

संध्याकाळी विचारलंच. त्या तांदूळ निवडत होत्या. मी पाय भिंतीला वर लावून पडले होते, दहा मिनिटं. म्हटलं, “आई, कडीला तेल घातलंत?”

“गंजली होती. पाऊस यायच्या आत घातलेलं बरं.”

एवढंच. पुढे काही नाही. मी वाट पाहिली. त्यांनी दोन खडे काढून वाटीत टाकले आणि विचारलं, “चहा जेवणानंतर लगेच घेऊ नकोस म्हणाली होती ना ती डॉक्टर?” लोहासाठी सांगितलं होतं, तास-दीड तास अंतर ठेवायला. हिमोग्लोबिन दहावर आलं होतं फेब्रुवारीत. मला वाटलं होतं, ते फक्त माझ्या लक्षात आहे.

तर कळलं नाहीच. गंज होता, म्हणून तेल. कदाचित एवढंच असेल. कदाचित झोपमोड होत असेल आणि बोलायचं नसेल. कदाचित रोज पहाटे माझा तो हिसका ऐकून त्यांचाच हात शिवशिवत असेल, मशीनचं चाक जड झालं की शिवशिवतो तसा. सकाळी यातलं एकच खरं असेल असं वाटत होतं. आता वाटतं की तिन्ही असू शकतात, आणि तिन्ही असली तरी त्यांना पुढचे नऊ रविवार उठावं लागणारच आहे. मी थांबणार नाही. हे लिहिताना हात जड झाला, पण खोटं का लिहायचं.

एक करता येईल. साठ किलोमीटरचा रविवार दोन आठवड्यांवर आहे, तो शनिवारी दुपारी चार तास आणि रविवारी पहाटे चार तास असा फोडता येतो का ते पाहिलं. येत नाही. थकलेल्या पायांवर दुसऱ्या दिवशी धावणं वेगळं आणि सातव्या तासाला पायांत काय होतं ते कळणं वेगळं. एकदा तरी ते एकसलग व्हायला हवं. पण शेवटी टेपर, म्हणजे शर्यतीआधी धावणं कमी करत नेणं, शेवटचे तीन आठवडे. तेव्हा लाँग रन पंचवीस, मग अठरा, मग दहा. ते साडेपाचला निघून होतील. साडेपाचला त्या उठलेल्याच असतात.

आणि मधल्या दिवसांचे आठ-दहा किलोमीटर मी सकाळीच का करते? संध्याकाळी कामावरून येताना पोवई नाक्याला उतरून घरापर्यंत लांबच्या रस्त्याने येता येईल. बूट पिशवीत न्यावे लागतील, एवढंच. बुधवार-गुरुवार तसं करून बघते.

झोपायच्या आधी चपलांच्या मांडणीवर हात गेला तर कुपी तिथेच होती, टोपणाला तेलाचा ओघळ. मशीनच्या खणात परत ठेवलेली नाही. मीही ठेवली नाही. बिजागऱ्या राहिल्या होत्या, वरची आणि खालची, त्यांना दोन-दोन थेंब घातले आणि जुन्या बनियनच्या फडक्याने पुसले. दार चार वेळा उघडून मिटून पाहिलं. खांदा लावावा लागत नाही. हिसकाही नाही.

मंगळवारी घाटाचे सहा चढ आहेत, सव्वाचारला निघायचंय. कडी एका बोटाने सरकवायची, दुसरा हात मागे धरायचा, आपटू नये म्हणून.