मिडियम-बॉडी सिगारची नजाकत

सिगार ओढणाऱ्यांच्या गप्पा थोड्याच वेळात 'किती स्ट्राँग' यावर येऊन ठेपतात, कुणाला कशाने गरगरलं, कुणी कसला जहाल सिगार शेवटपर्यंत ओढला वगैरे, आणि त्यात वावगं काही नाही, पण माझा जीव रमतो तो चांगल्या मिडियम-बॉडी सिगारमध्ये. माझ्या मते सिगार बनवणाऱ्याचा खरा कस इथेच लागतो. जहाल फुल-बॉडी सिगारमध्ये निकोटीनचा आणि मिरीसारख्या तिखटपणाचा झणका एवढा असतो की एखादं पान जरा कमी मुरलेलं असलं, तरी ते त्या झणक्यात खपून जातं. मधल्या पट्ट्यात तसं होत नाही, तिथे प्रत्येक पान उघडं पडतं. कडवटपणा असला तर पहिल्या पाच मिनिटांत कळतो, आणि सगळं जुळून आलेलं असलं तर तेही तितकंच स्वच्छ कळतं.

आधी एक घोळ मिटवू, कारण तो फार पसरलाय. बॉडी, स्ट्रेंग्थ आणि फ्लेवर या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. स्ट्रेंग्थ म्हणजे निकोटीनचा जोर, तो डोक्यात आणि पोटात कळतो, बॉडी म्हणजे धूर तोंडात किती भरीव लागतो ते, आणि फ्लेवर म्हणजे चवी किती आणि किती ठळक. त्यामुळे स्ट्रेंग्थने बेताचा पण चवीने भरगच्च असा सिगार अगदी शक्य आहे, आणि एलिगंट म्हणताना माझ्या डोक्यात तोच असतो. रंगावरून तर काहीच ठरवू नका, काळपट मादुरो रॅपरचा (रॅपर म्हणजे सगळ्यात बाहेरचं पान) सिगार पुष्कळदा गोडसर आणि समजूतदार निघतो, उलट फिकट रॅपरच्या आत दमदार फिलर, म्हणजे आतली पानं, भरलेला असला की भल्याभल्यांना घाम फुटतो.

हा तोल येतो कुठून ते समजून घ्यायचं तर झाडाकडे बघावं लागतं. प्रीमियम सिगार म्हणजे हाताने वळलेला, लाँग फिलरचा, आतली पानं सलग, चुरा नाही. फिलरभोवती त्याला बांधून ठेवणारं पान, बाइंडर, आणि सगळ्यात वर रॅपर. फिलरची पानं झाडाच्या कुठल्या उंचीवरून तोडली त्यावर त्यांचा स्वभाव ठरतो. खालची पानं म्हणजे वोलाडो, पातळ, चव फारशी नाही पण जळतात छान. मधली सेको, सुगंधाचं काम त्यांचं. वरची लिगेरो, त्यांना ऊन सगळ्यात जास्त मिळतं म्हणून जाड, तेलकट, ताकदवान आणि जळायला संथ. मिडियम-बॉडीत कणा बहुधा सेकोचा असतो आणि लिगेरो अगदी मोजून, वळताना बरोबर मधोमध ठेवलेलं, कारण ते हळू जळतं आणि कडेला गेलं तर जळण वाकडंतिकडं होतं. हे डोळ्यांनी बघता येतं. राख पडली की लगेच निखाऱ्याकडे बघा, मध्यभाग शंकूसारखा थोडा पुढे आलेला दिसेल, ते संथ जळणारं मधलं पान. तो शंकू सरळ मधोमध असला की वळणाऱ्याने काम चोख केलंय असं समजायला हरकत नाही.

आणि मुरवणं! माझ्या लेखी अर्धी नजाकत इथेच तयार होते. तोडून, टांगून वाळवलेली पानं ओलसर करून मोठमोठ्या ढिगांत रचतात, त्याला पिलोन म्हणतात, ढीग आपोआप आतून तापतो, माणसं मध्ये थर्मामीटर खुपसून लक्ष ठेवतात आणि उष्णता वाढली की ढीग मोडून आतली पानं बाहेर, बाहेरची आत असा पुन्हा रचतात. या सगळ्यात पानातला अमोनिया निघून जातो, कडवटपणा उतरतो. जाड पानांना वेळ जास्त लागतो. घाई केली की ती सिगारमध्ये सापडतेच, नाकाला झोंबणारा उग्र वास, जिभेच्या मागे धातूसारखी चव, घसा कोरडा. मग गाठोडी बांधून पानं आणखी काही काळ, चांगल्या कंपन्यांत कित्येक वर्षं, पडून असतात, आणि वळून झाल्यावर सिगारसुद्धा सीडरच्या सुगंधी लाकडाच्या खोलीत ठेवतात म्हणजे वेगवेगळ्या पानांतली आर्द्रता सारखी होते आणि चवी एकमेकांत मिसळतात. मिडियम-बॉडी सिगार ओढताना 'गोल' वाटतो, कुठेच टोचत नाही, तो त्या थांबण्यामुळे.

रॅपरबद्दल मी तासन् तास बोलू शकतो पण आवरतं घेतो. कनेक्टिकट शेड हे बारीक शिरांचं, सोनेरी-तपकिरी, मऊ पान, 1900 च्या सुमारास अमेरिकेतल्या कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यात शेतकऱ्यांनी पिकावर कापडाचे मांडव घालायला सुरुवात केली, ऊन गाळून आलं की पान पातळ आणि रेशमी होतं. इक्वाडोरमध्ये तेच काम ढग करतात, अँडीजच्या पायथ्याशी आभाळ इतकं भरलेलं असतं की वेगळ्या मांडवाची फारशी गरज पडत नाही, आणि तिथलं पान माझ्या जिभेला मूळ कनेक्टिकटपेक्षा थोडं जास्त बोलकं वाटतं. पण माझं लाडकं रॅपर कॅमेरून. मध्य आफ्रिकेतलं हे पान नाजूक, वळणाऱ्याला त्रास देणारं, वर बारीक बारीक पुरळासारखे दाणे असतात, त्याला टूथ म्हणतात, आणि जळाल्यावर तेच दाणे राखेवर पांढऱ्या ठिपक्यांसारखे उमटतात. गोडसर मसाल्याचा वास, मागे भाजलेल्या लाकडाची चव, आणि हे सगळं आवाज न चढवता.

प्रदेशांचंही तसंच. डॉमिनिकन रिपब्लिकच्या सिबाओ खोऱ्यातलं तंबाखू हा या शैलीचा आधार म्हणायला हरकत नाही, तिथल्या जातींपैकी पिलोतो कुबानो जोर देतं, ओलोर दोमिनिकानो सुगंध देतं. डेव्हिडॉफ या सिगार कंपनीने 1990 च्या आसपास क्युबा सोडून उत्पादन तिकडे नेलं, आणि हेंड्रिक केल्नर यांच्यासारख्या ब्लेंडरच्या, म्हणजे वेगवेगळी पानं जुळवून सिगारची चव ठरवणाऱ्याच्या, हातून तिथल्या पानावर जी संयत शैली उभी राहिली तिची छाप आजही दिसते. निकाराग्वा म्हटलं की लोकांना दणकट पानांचा एस्तेली भागच आठवतो, पण उत्तरेला होंडुरासच्या सीमेजवळ हालापा आहे, तिथलं पान गोडसर, मऊ, आणि मिडियम-बॉडी ब्लेंडमध्ये ते आलं की मला पहिल्या काही झुरक्यांतच आनंद होतो. क्युबाच्या बाजूने एच. अपमन, 1844 पासूनचं सिगारचं घराणं, आणि होयो दे मोंतेरे, यांची ओळखच ताकदीपेक्षा सफाईची.

अपमनवरून तो प्रसिद्ध किस्सा आठवला, फेब्रुवारी 1962 मध्ये क्युबावरच्या निर्बंधांवर सही करण्याआधी केनेडींनी प्रेस सेक्रेटरी पिएर सॅलिंजर यांना हजारभर सिगार मिळवायला सांगितले, त्यांनी 1200 आणले आणि मगच सही झाली, हे सॅलिंजर यांनी पुढे स्वतः लिहिलंय. सगळे तो राजकारणाचा किस्सा म्हणून सांगतात. मला त्यातला सिगार महत्त्वाचा वाटतो, मागवले होते ते पेटिट अपमन, छोटे, हलक्या हाताचे. जगातला कुठलाही सिगार मागवू शकणाऱ्या माणसाची पसंती ही होती.

साइझवरून माझं मत ठाम आहे आणि सध्याच्या जाड सिगारच्या फॅशनला ते मानवणारं नाही. रिंग गेज म्हणजे जाडी, इंचाच्या 64 व्या भागात मोजलेली, म्हणजे 50 चा रोबस्टो साधारण 20 मिलिमीटर जाड आणि 42 चा कोरोना पावणेसतरा (रोबस्टो, कोरोना ही सिगारच्या आकारांची नावं). आता बघा, रॅपर परिघावर असतं आणि फिलर आतल्या क्षेत्रफळात, त्यामुळे जाडी कमी झाली की फिलरच्या मानाने रॅपरचा वाटा वाढतो, 50 वरून 42 वर आलं तर साधारण एक पंचमांशाने. नाजूक रॅपरचं बोलणं ऐकायचं असेल तर ते 60 च्या सोट्यात कसं ऐकू येणार? म्हणून कोरोना, नाहीतर 46 चा कोरोना गोर्दा, हा माझ्या मते मिडियम-बॉडीचा सगळ्यात सुंदर आकार. रोबस्टोही चालेल, त्याच्यापुढे मी सहसा जात नाही.

हातात घेतल्यावर घाई करू नका, बोटांनी हलकेच दाबत टोकापासून टोकापर्यंत जा, कुठे गाठ किंवा पोकळ जागा नको. पेटवायची बाजू नाकाशी धरा. कापताना टोपीच्या (ओढायच्या टोकावर चिकटवलेल्या पानाच्या तुकड्याच्या) रेषेच्या वरच, दोनेक मिलिमीटर, त्याखाली गेलात तर रॅपर सुटायला लागतं. मग न पेटवता एक झुरका, कोल्ड ड्रॉ, ही पायरी लोक का गाळतात मला कळत नाही कारण सगळ्यात शुद्ध चव इथेच असते, सुकं गवत, सीडर, कधी मनुकांसारखा गोडवा, ओठांवर किंचित मिरी. पेटवायला ब्युटेन लायटर किंवा लांब काडी, गंधक जळून गेल्यावर. मेणबत्ती नको, पेट्रोलचा लायटर नको, त्यांचा वास पहिल्या इंचात शिरतो. ज्योत टेकवायची नाही, खाली धरून कड सगळीकडून सारखी काळी होईपर्यंत फिरवत राहायचं, मगच ओढायचं.

आणि सावकाश. मिनिटाला एखादा झुरका पुरे. नाजूक सिगार भराभर ओढला की निखारा तापतो आणि चवी करपतात, मग लोक म्हणतात याच्यात काही दम नाही, दम असतो, तो आपण जाळून टाकलेला असतो. धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडात घोळवायचा, बराचसा सोडून द्यायचा आणि उरलेला थोडासा नाकातून काढायचा. याला रेट्रोहेल म्हणतात, आणि चांगल्या मिडियम-बॉडीत तो न झोंबता जमतो हाच त्याचा मोठा गुण. जिभेला गोड, खारट, आंबट, कडू असं मोजकंच कळत होतं ते नाकातून गेल्यावर एकदम उलगडतं, भाजलेला बदाम, कातडं, पांढरी मिरी, ओल्या मातीसारखं काहीतरी. पहिल्या भागात साय आणि लाकूड, मध्यावर मसाला आणि कॉफी, शेवटी गोडसर कडवटपणा, असा बदल होत गेला पण एकही चव दुसरीवर चढली नाही, तर तो सिगार मला एलिगंट वाटतो. सोबत मी साधं पाणी घेतो, दुसरं काही घेतलं की मला या बारीक चवी हरवतात.

तब्येतीचंही स्पष्ट सांगतो, धूर आत घेतला नाही म्हणजे धोका टळला असं मुळीच नाही, तोंडाच्या, घशाच्या, अन्ननलिकेच्या कॅन्सरचा संबंध सिगारशी आहे आणि न ओढणाऱ्या कुणाला मी हे वाचून सुरुवात करा असं सांगणार नाही. मी क्वचित ओढतो, पोटभर जेवणानंतर, मोकळ्या हवेत, आणि आजूबाजूला कुणाला त्रास होत नाही हे बघून.

ठेवण्याबाबत एवढंच, 70 टक्के आर्द्रता हा आकडा सगळीकडे सांगतात पण नाजूक रॅपरच्या सिगारला मी 65 च्या आसपास ठेवतो, ड्रॉ, म्हणजे धुराची ओढ, मोकळा राहतो आणि चव स्वच्छ येते. जास्त ओल झाली की सिगार फुगतो, सारखा विझतो, ओढायला जड जातो, कमी झाली की रॅपर तडकतं आणि धूर गरम लागतो. तापमान 18 ते 21 अंश, त्याच्या बरंच वर गेलं की तंबाखूतला किडा, लासिओडर्मा, अंड्यातून बाहेर यायला लागतो आणि अख्खी पेटी भोकं पाडून ठेवतो. जहाल सिगार वर्षानुवर्षं ठेवले की मवाळ होतात, त्यांना वेळ मानवतो, पण मिडियम-बॉडी फार काळ ठेवू नये असं माझं मत, आधीच मोजकी असलेली ताकद फिकी पडत जाते. एकच सिगार आवडला तर तीन-चार एकदम घ्या, एक लगेच ओढा, एक सहा महिन्यांनी आणि एक वर्षाने, दर वेळी दोन ओळी लिहून ठेवा, कोल्ड ड्रॉ कसा होता, मध्यावर काय आलं, नाकातून काय कळलं, आणि ब्रँडपेक्षा त्या ओळींवरून पुढची खरेदी करा.